जायकवाडी: पक्षी, गाळपेर आणि तरंगती वीज

जायकवाडीच्या पाण्यावर सौर पॅनेल तरंगवण्याचे प्रकरण कोर्टात गेल्यापासून मराठवाड्यात एकच प्रश्न फिरून फिरून विचारला जातो: पक्षी हवेत की वीज? प्रश्न आटोपशीर आहे, त्यामुळे चर्चेला बरा पडतो. नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या, काठावरचा हिशेब मात्र पन्नास वर्षांचा आहे आणि पक्षी व वीज हे त्यातले उशिरा उघडलेले रकाने. त्याआधी पाणी, बुडालेली जमीन, गाळपेर (पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळावरची पेरणी) आणि मासळी यांची पाने भरलेली आहेत. दुर्मिळ प्राणी-पक्ष्यांचा अधिवास राखायला किती खर्च येतो आणि त्यातून काय मिळते, हा वाद आपल्याकडे ज्या वळणाने इथवर आला ते वळण या जुन्या पानांशिवाय कळत नाही.

फार मागे जाण्याचे कारण नाही. निजामाच्या राजवटीत शिकारीसाठी राखलेली राने होती, गावोगाव गायराने होती, माळावर काळवीट आणि लांडगे होते. शिकारीची राने सरकारची आणि गायराने गावाची, एवढी वाटणी पुरेशी होती. किमतीचा प्रश्न कोणी विचारत नव्हते, कारण माळाला किंमत आहे असेच कोणाला वाटत नव्हते. आजही सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून नोंदलेल्या तुकड्याकडे आपण त्याच नजरेने पाहतो.

धरणाची कल्पना हैदराबाद राज्यातली. मूळ जागा बीड जिल्ह्यातल्या जायकवाडीची. पुढे धरण पैठणला सरकले, नाव तेच राहिले. १९६५ साली पायाभरणी झाली, १९७६ साली लोकार्पण. दोन्ही वेळा पंतप्रधान आले होते, यावरून त्या काळात या धरणाकडे कोणत्या आशेने पाहिले जात होते ते कळावे. एकूण साठवण १०२ टीएमसीहून थोडी जास्त, त्यात उपयुक्त सुमारे ७६ टीएमसी, सत्तावीस दरवाजे, पूर्ण संचय पातळी १,५२२ फूट. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासे या तालुक्यांतली शंभराहून अधिक गावे पाण्यात गेली किंवा उठली. गोदाकाठची काळी कसदार जमीन होती ती.

जमिनीला उतार कमी, म्हणून जलाशय परातीसारखा पसरट आणि उथळ झाला. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष, कारण बाष्पीभवन जास्त होते आणि गाळ पसरून बसतो. पाणपक्ष्यांना नेमके हेच हवे असते. गुडघाभर पाणी, चिखल, पाणवनस्पती, हिवाळ्यात हळूहळू उघडा पडणारा काठ. पट्टकादंब, चक्रवाक, रोहित (फ्लेमिंगो), कांड्या करकोचे येऊ लागले. आजवर दोनशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे. म्हणजे हा अधिवास निसर्गाने दिलेला नाही. विस्थापितांच्या जमिनीवर सरकारी खर्चाने तयार झालेला आहे. वरच्या अंगाला नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरचीही गोष्ट हीच. तिथला बंधारा इंग्रजांच्या काळातला, आणि त्याचे गाळाने भरलेले पाणी आज राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे.

१९८६चा निर्णय

सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचा हा जलाशय १९८६ साली पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पर्याय होता, पक्षी होते, आणि त्या काळात राज्यात अभयारण्यांच्या घोषणा एकामागून एक होत होत्या. मराठवाड्यात गौताळ्याची घोषणाही त्याच वर्षीची. नायगावचे मोरांचे अभयारण्य १९९४चे, येडशी-रामलिंगचे १९९७चे. ही दोन्ही छोटी आहेत, डोंगरावर आहेत, आणि त्यांच्यावरून फारसे रान उठले नाही. जायकवाडीचे प्रकरण वेगळे होते. इथे अभयारण्याची हद्द पाण्यावर आखलेली, आणि पाणी एका जागी थांबत नाही.

जागा पाटबंधारे खात्याची, पक्षी वनखात्याचे, मासे मत्स्यव्यवसाय खात्याचे, आणि पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन पुन्हा पाटबंधारे खात्याच्या वार्षिक भाडेपट्ट्याने प्रकल्पग्रस्तांना. एकाच चिखलावर इतके मालक असले की खर्च कोणाच्या नावावर टाकायचा हे ठरत नाही.

गाळपेर म्हणजे काय ते मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. पण त्याचे अर्थकारण पैठण-गंगापूरच्या बाहेर फारसे कळलेले दिसत नाही. काठावरचा माणूस हंगाम तिथीने मोजत नाही, फुटाने मोजतो. पातळी अमुक फुटांवर आली की कोणाचा तुकडा उघडा पडणार हे त्याला पाठ असते. पाणी मागे सरले की वर साय धरल्यासारखा गाळ राहतो, त्यात पाय घोट्यापर्यंत जातो. तो जरा आवळला, भेगा पडायला लागल्या की हरभरा टाकायचा. नांगरट नाही, शेणखत नाही, पहिल्या पाण्याचीही गरज नाही. ओलीवर पीक उभे राहते. पुढे पाणी आणखी लांब गेले की त्याच्या मागे मोटारीचे पाइप जोडत जायचे आणि उन्हाळ्यात काकडी, टरबूज घ्यायचे. ज्याची बापजाद्यांची जमीन तळाला गेली त्याला सरकारने दिलेली ही सवलत. त्याच जमिनीचा तुकडा, वर्षातले काही महिने, भाड्याने. पुढच्या वर्षी तोच तुकडा उघडा पडेल याची हमी नाही. पाऊसकाळ चांगला झाला, धरण भरून राहिले की सगळा मराठवाडा पेढे वाटतो आणि गाळपेरवाला कपाळाला हात लावतो.

आता पक्ष्यांकडून पाहू. हिवाळ्यात येणारे पट्टकादंब हरभऱ्याची आणि गव्हाची कोवळी रोपे चरतात. करकोचे दाणे टिपतात. शेतकरी फटाके वाजवतो, गोफण फिरवतो, रात्री राखणीला जातो. पक्ष्यांचा खर्च असा थेट त्याच्या ताटातून जातो. उलट गाळपेर बंद केली तर पक्ष्यांचे हे आयते खाद्यही जाते, कारण पेरलेला गाळ हा त्यांच्या अधिवासाचाच भाग होऊन बसला आहे. वनखात्याचा आक्षेप आहे तो रासायनिक खतांवर, फवारणीवर, ट्रॅक्टरवर आणि विणीच्या काळातल्या वर्दळीवर. तो आक्षेप खोटा नाही. फवारलेले औषध दोन हातांवरच्या पाण्यात उतरते, आणि ते पाणी छत्रपती संभाजीनगरच्या नळाला जाते.

इथे एक गफलत नेहमी होते. जाहिरातीत, फलकांवर, पर्यटनाच्या पत्रकांत रोहित झळकतो. गुलाबी थवा फोटोत देखणा दिसतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण जगाच्या हिशेबात रोहित संकटात नाही. संकटग्रस्तांच्या यादीत आहे तो नदी सुरय: राखाडी पाठ, पिवळी चोच, काळी टोपी, पाण्यावर सूर मारणारा. तो अंडी घालतो उघड्या वाळूवर, साध्या खळग्यात, साधारण मार्च ते मे. म्हणजे नेमके त्या दिवसांत आणि त्या बेटांवर, जिथे पाणी ओसरले की माणसे, गुरे आणि कुत्री पोचतात. अभयारण्याचा खर्च रोहितच्या नावावर मांडला जातो आणि त्यातून राखायला हवा तो पक्षी नदी सुरय. त्यासाठी ३४१ चौरस किलोमीटर बारा महिने बंद ठेवावे लागत नाहीत. काही बेटे, काही महिने, राखणदार आणि त्या तुकड्यांच्या भाडेपट्टेदारांना रोख भरपाई एवढ्यात बरेच काम भागते. हे लिहिणाऱ्याचे मत आहे, पण काठावर हिंडणारे बरेच जण खासगीत असेच बोलतात.

कायद्याने हा प्रश्न सोडवायला मदत केली नाही. अभयारण्यातल्या लोकांचे आधीचे हक्क तपासून निश्चित करायचे ही तरतूद १९७२च्या कायद्यातच होती. देशभर ते काम रखडले. १९९१च्या दुरुस्तीने आधी हेतूची घोषणा, मग हक्कनिश्चिती, मग अंतिम अधिसूचना असा क्रम पक्का केला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना वर्षभरात हे काम संपवा म्हणून बजावले. त्याच १९९१च्या दुरुस्तीत एक गमतीची तरतूद आहे. अभयारण्यात समुद्राचा भाग घ्यायचा असेल तर स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताची पुरेशी काळजी घ्यावी, असे कायदा स्पष्ट सांगतो. धरणातल्या मच्छीमाराबद्दल तिथे शब्द नाही. मालवणच्या होडीवाल्याला कायद्याच्या कलमात जागा आहे. पैठणच्या होडीवाल्याला परवाना मागत दोन खात्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. अर्थात पैठणचे सगळे मच्छीमार गरीब बिचारे आहेत असेही नाही. बारीक आसाची जाळी टाकून बोटभर मासळी उपसणारे ठेकेदारही याच पाण्यात आहेत.

शेजारचा धसका

अभयारण्य म्हटले की मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, त्याचे कारण मराठवाड्याबाहेरचे आहे. तुळजापूर, परंड्याच्या शिवेपलीकडे सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ साली माळढोक अभयारण्य झाले: ८,४९६ चौरस किलोमीटर, सात तालुक्यांत पसरलेले. त्यात गावे आली, बागायती आल्या, रस्ते आले. कायद्याप्रमाणे अधिसूचना निघाल्यावर वारसाहक्काखेरीज त्या जमिनीत नवा हक्क तयार होत नाही. खरेदीखते अडली, अकृषक परवाने अडले, कारखाने आणि रस्त्यांची कामे अडली. सोयरीक जुळवताना जमीन अभयारण्यात आहे का, हे विचारले जाऊ लागले.

२०१२ साली हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. मधल्या तेहतीस वर्षांत माळढोक वाचला असता तर हा खर्च निदान कशासाठी तरी झाला असे म्हणता आले असते. १९६९ साली देशभरात माळढोक १,२६०च्या आसपास असल्याचा अंदाज होता. २०१८च्या सुमारास दीडशे. त्याच अभयारण्यातल्या, सोलापूरजवळच्या नान्नजला आज एखादा दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते. पक्षी गेला तो शेतकऱ्याने मारला म्हणून नव्हे. माळावर उजनीचे पाणी आले, ऊस आणि द्राक्षे आली. जो माळ उरला त्यावर सरकारनेच झाडे लावली. माळढोकाला उघडे गवत लागते, झाडी लागत नाही. कागदावरचे बंधन शेतकऱ्याने सोसले आणि अधिवास मात्र कागदाबाहेर संपला.

या प्रकरणातून मराठवाड्याने एक सोपा निष्कर्ष काढला: अभयारण्य म्हणजे तोटा. पुढे लांडग्यांसाठी, काळविटांसाठी कुठे राखीव क्षेत्राची नुसती चर्चा निघाली तरी ग्रामसभांचे ठराव विरोधात जाऊ लागले. काळवीट आणि रोही (नीलगाय) उभ्या तुरीत शिरतात, रानडुकरे भुईमूग उकरतात, हे नुकसान खरे आहे आणि पंचनाम्याची वाट पाहण्यात हंगाम जातो हेही खरे आहे. पण नान्नजमध्ये चूक झाली ती क्षेत्राच्या आकारात आणि हक्कनिश्चितीत. पक्षी राखण्याच्या कल्पनेवर तिचा दोष लोटणे वकिली युक्तिवादाला ठीक. हिशेब म्हणून तो चालणार नाही.

रुपयांत किंमत

अधिवासाची किंमत थेट रुपयांत मांडण्याची सुरुवात आपल्याकडे न्यायालयाने केली. वनजमीन दुसऱ्या कामाला देताना तिचे निव्वळ वर्तमान मूल्य भरून घ्यावे, हे २००२ साली ठरले. २००८ साली दर आले: जंगलाचा प्रकार आणि दाटपणा पाहून हेक्टरी ४ लाख ३८ हजारांपासून १० लाख ४३ हजारांपर्यंत, अभयारण्यात पाचपट, राष्ट्रीय उद्यानात दहापट. २०२२ साली ते वाढवून ९ लाख ५७ हजार ते १५ लाख ९५ हजार झाले. लाकूड, सरपण, चारा, कार्बन, पर्यटन अशा घटकांची बेरीज करून हा आकडा निघतो.

लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही, आणि बाकीच्या मराठवाड्यातही ते थोडेच आहे. जंगलाच्या दाटपणावर बेतलेला दर अशा मुलुखात तोकडा पडतो. आपले दुर्मिळ जीव माळावर, पडीक रानात आणि धरणांच्या काठावर आहेत. दाट जंगलाच्या मोजपट्टीने मोजले तर गवताळ माळ सर्वांत स्वस्त ठरतो, आणि स्वस्त जमीन प्रकल्पाला आधी जाते. बालाघाटच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा वाद भाड्याचा आणि दलालीचा झाला. गवताचे काय, हा मुद्दा कोणी काढला नाही.

'प्रोत्साहन' या शब्दाचा गुंता

जायकवाडीभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जुलै २०१७ मध्ये अधिसूचित झाले, अभयारण्याच्या हद्दीपासून सुमारे ५०० मीटर. त्याआधी, जिथे असे क्षेत्र ठरलेले नाही तिथे दहा किलोमीटरपर्यंतचे प्रकल्प वन्यजीव मंडळाकडे पाठवावे लागत. पैठण आणि गंगापूर तालुक्यांचा किती भाग त्या दहा किलोमीटरांत येत होता हे नकाशावर पाहिले की ५०० मीटरच्या आकड्याचे स्वागत का झाले ते लक्षात येते. उद्योग, बांधकाम आणि शेती या तिघांचाही त्यात फायदा होता. पक्षीमित्र नाराज झाले, तेही त्यांच्या जागी बरोबर होते. हिवाळ्यातला करकोचा काठापासून ५०० मीटरवर थांबत नाही.

अशा अधिसूचनांचा साचा देशभर साधारण एकच असतो. तीन याद्या: बंदी असलेली कामे, नियंत्रित कामे, प्रोत्साहन द्यायची कामे. बंदीच्या यादीत खाणी, प्रदूषण करणारे उद्योग, मोठे जलविद्युत प्रकल्प. नियंत्रितमध्ये हॉटेले, वीजवाहिन्या, रस्त्यांचे रुंदीकरण. प्रोत्साहनाच्या यादीत पावसाचे पाणी साठवणे, सेंद्रिय शेती, कुटीरोद्योग आणि अपारंपरिक ऊर्जेचा वापर. या शेवटच्या नोंदीपुढे साच्यात उदाहरणे दिलेली असतात ती बायोगॅस आणि सौर दिवे यांची. गावातल्या बाईने चुलीत लाकूड न घालता बायोगॅस वापरावा, रस्त्यावर सौर दिवा लागावा, अशा घरगुती मापाचा हा मजकूर आहे.

२०२२ साली केंद्राच्या एका कंपनीने जायकवाडीवर तरंगत्या सौर प्रकल्पाची निविदा काढली. विरोधात गेली ती मासेमारी करणाऱ्या समाजाची पंच समिती, पक्षीमित्रांची संघटना नव्हे. याकडे फार कमी जणांचे लक्ष गेले. हरित लवादापुढे केंद्राच्या खात्याने मांडले की सौर ऊर्जा ही या क्षेत्रात बंदी असलेली बाब नाही, प्रोत्साहन देण्याजोगी आहे. २०२४ साली लवादाने अर्ज फेटाळला. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. सौर प्रकल्पालाही विरोध होणार असेल तर देशाची प्रगती व्हायची कशी, अशा अर्थाची विचारणाही झाली.

हा निर्णय कायद्याच्या चौकटीत आहे आणि त्याबद्दल इथे वाद घालायचा नाही. पण त्याच्या पोटातला गुंता उकलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिली गाठ मापाची. गावातला सौर दिवा आणि जलाशयावर पसरलेली पॅनेलची चादर एकाच शब्दाखाली येतात का? सूर्यप्रकाशापासून वीज, एवढे साम्य आहेच. दुसरी गाठ जागेची, आणि ती पहिलीपेक्षा घट्ट आहे. पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र म्हणजे अभयारण्याच्या बाहेरचा पट्टा. पॅनेल तरंगणार पाण्यावर, आणि पाणी म्हणजे खुद्द अभयारण्य. आत काय चालेल हे बाहेरच्या पट्ट्याच्या यादीवरून ठरवायचे, की वन्यजीव कायद्याच्या कलम २९ वरून? ते कलम तर म्हणते की अभयारण्यातला अधिवास वळवायचा किंवा बिघडवायचा तर परवाना हवा, आणि तसे करणे वन्यजीवांच्याच भल्यासाठी, व्यवस्थापन सुधारण्यासाठी आवश्यक आहे असे राज्य सरकारला पटायला हवे. विजेची गरज हे कारण त्यात नाही. जाहीर चर्चा मात्र बाहेरच्या पट्ट्यातल्या एका शब्दाभोवतीच फिरत राहिली.

प्रकल्पाच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे, आणि ते मराठवाड्याच्या अनुभवातले आहे. २०१३ साली पाण्यावाचून परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले होते. सौर पॅनेलला तितके पाणी लागत नाही. उलट पाण्यावर सावली पडून बाष्पीभवन घटते, आणि जायकवाडीसारख्या उथळ जलाशयात ही बचत फुकाची नाही. जमीन संपादनाचा प्रश्न नाही. धरणाच्या पायथ्याला १२ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र पूर्वीपासून आहे, त्यामुळे इथे वीजनिर्मिती काही नवलाची नाही. वरच्या धरणांतून पाणी सोडण्यासाठी दर दुष्काळात कोर्टकचेऱ्या करणाऱ्या प्रदेशाला वाचलेल्या प्रत्येक थेंबाची किंमत आहे.

अडचण येते ती पॅनेल नेमकी कुठे राहणार इथे. काठाजवळ ठेवली तर जानेवारीपासून ती चिखलावर बसतील. २०१५-१६च्या दुष्काळात हा जलाशय मृतसाठ्यात गेला होता. म्हणून पॅनेलना मे महिन्यातही पाणी टिकते असा धरणाजवळचा खोल भाग लागणार. उन्हाळ्यात सगळे मासेही तिथेच गोळा होतात, होड्याही तिथेच, आणि पाण्यावर राहणारे पक्षीही. पाणी भरपूर असते तेव्हा भांडण नसते. ते टिचभर उरते तेव्हा चौघांनाही तोच तुकडा हवा असतो. प्रकल्पाने जलाशयाचा अमुक टक्का व्यापला, हा आकडा पूर्ण भरलेल्या जलाशयाचा धरला तर तो लहान दिसतो. एप्रिलच्या पातळीवर धरला तर वेगळाच दिसेल. ज्यांना या वादात खरोखर हिशेब मांडायचा आहे त्यांनी आधी फुटांत पातळी विचारावी.

मासळीच्या रकान्यात काय लिहायचे हेही ठरलेले नाही. पॅनेलखाली उजेड कमी म्हणून शेवाळ कमी, शेवाळ कमी म्हणून माशांचे खाद्य कमी, अशी एक बाजू. नांगरांचे दोर आणि तरंगत्या सांगाड्यांमुळे जाळी टाकायला जागा उरत नाही, ही अधिक रोखठोक बाजू. परवाना नसलेल्या मच्छीमाराचे उत्पन्न कोणत्याच कागदावर नाही. कागदावर नाही म्हणून त्याचा तोटा शून्य. गाळपेरवाल्याचे तेच: वर्षाचा भाडेपट्टा, पुढच्या वर्षीचा हक्क नाही, म्हणून भरपाईही नाही.

वाघ आल्यावर

अलीकडे या सगळ्याला एक वेगळे वळण लागले. २०२१ साली यवतमाळच्या टिपेश्वरचा वाघ शेकडो किलोमीटर चालत गौताळ्यात पोचला. २०२४च्या डिसेंबरात तिथलाच दुसरा एक येडशी-रामलिंगला आला. २२ चौरस किलोमीटरच्या त्या अभयारण्याची आजवर कोणी दखल घेतली नव्हती. धाराशिव आणि बार्शीकडच्या गावांत गुरे मारली गेली, शेतावर वस्तीला जाणे थांबले, रात्रीची वीज असताना पाणी द्यायला कोण जाणार हा प्रश्न घरोघर आला. वाघाला पकडून सह्याद्रीत हलवण्याचे प्रयत्न सुरुवातीला फसले.

खर्चाचा रकाना इथे निदान ओळखीचा आहे. माणूस दगावला तर २५ लाख, जनावर मारले तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम, यांत जी कमी ती. दुभती म्हैस गेली तर पुढच्या वेतांचे दूध त्यात धरत नाहीत. पर्यटनाच्या उत्पन्नाची भाषा येडशीत कोणी केली नाही, ताडोब्याच्या जिप्सी इथे चालणार नाहीत हे सर्वांना ठाऊक आहे. पण रान राखले म्हणून वाघ आला, की रान अपुरे म्हणून तो गावात शिरला, यावर पंचायतीच्या पारावर बऱ्यापैकी समंजस चर्चा झाल्याचे ऐकायला मिळते. माळढोकाच्या वेळी ती झाली नव्हती.

वसूल झालेला पैसा कुठे जातो हेही पाहायला हवे. वनजमिनीच्या आणि अभयारण्यातल्या परवानग्यांपोटी भरलेली रक्कम भरपाई वनीकरणाच्या निधीत जमा होते. २०१६च्या कायद्याने त्यातला ९० टक्के वाटा राज्यांना मिळतो. निधीच्या नावातच वनीकरण आहे, तेव्हा त्याचा मोठा भाग झाडे लावण्यात जाणार. मराठवाड्यात झाडे लावायला मोकळी जागा शोधली की हाताला लागतात ती गायराने आणि माळ, जिथे काळवीट आणि लांडगे उरले आहेत. नदी सुरयाच्या वाळूच्या बेटाला, पट्टकादंबाच्या चिखलाला किंवा हरभरा गमावलेल्या गाळपेरवाल्याला त्या रोपांचा उपयोग नाही.